तागडी धरणारा हात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसायचं भाग्य मला लाभलं नाही. मी त्यांना पाहिलं ते बुधवारच्या बाजारात. हातात मांजरपाटाची जाड पिशवी असायची. कांदे-बटाटे आधी घ्यायचे, ते तळाला. मग वांगी, दोडके, गवार. टोमॅटो त्यावर. कोथिंबिरीची जुडी सगळ्यात शेवटी, पिशवीच्या तोंडाशी, पानं बाहेर डोकावतील अशी. बाजारात फिरायचा त्यांचा रस्तासुद्धा त्याच क्रमाने ठरलेला असे. सुटा माल घरी न चेंगरता नेण्याची ही रीत तेव्हा घरोघरी ठाऊक होती, कुणाला शिकवावी लागत नव्हती. आज मी त्या सुट्या मालाबद्दल बोलणार आहे, आणि ताजी भाजी, ताजी फळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकू नका असं सांगणाऱ्या कायद्यांबद्दल.

मी आयुष्यभर उद्यानविद्या शिकवली. फळ झाडावरून उतरल्यानंतर त्याचं काय होतं, हा माझा विषय. त्यामुळे दुकानात गेलो की माझं लक्ष आधी मालाकडे जातं आणि मग किमतीकडे. परवा एका मोठ्या दुकानात थंड हवेच्या मांडणीपुढे उभा होतो. तबकात तीन ढोबळ्या मिरच्या, एक लाल, एक पिवळी, एक हिरवी. वरून ताणून बसवलेली पातळ फिल्म, फिल्मवर वजनाची आणि किमतीची चिठ्ठी. मला एकच मिरची हवी होती. ती मिळाली नाही. दुकानाबाहेर पन्नास पावलांवर हातगाडीवर त्याच मिरच्यांचा ढीग होता. तिथून मी एक उचलली, गाडीवाल्या ताईंनी ती काट्यावर ठेवली, मी खिशात घालून घरी आलो.

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. ते पाकीट नक्की कुणासाठी आहे? मिरचीसाठी? माझ्यासाठी? की दुकानासाठी?

हा प्रश्न फ्रान्सने सबंध देश म्हणून स्वतःला विचारला, म्हणून आधी तिकडची हकीकत सांगतो. जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यातल्या अडखळण्यातच शिकण्यासारखं आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने उधळपट्टी रोखणारा एक मोठा कायदा केला. त्यातलं एक कलम असं होतं, की १ जानेवारी २०२२ पासून किरकोळ दुकानात दीड किलोपेक्षा कमी वजनाची ताजी भाजीफळं प्लास्टिकमध्ये बांधून विकायची नाहीत. तिथल्या पर्यावरण मंत्रालयाच्या अंदाजाप्रमाणे तेव्हा सुमारे ३७ टक्के भाजीफळं बांधलेली विकली जात होती, आणि बंदीमुळे वर्षाला १०० कोटींहून जास्त पाकिटं वाचणार होती. सुरुवातीला तीसेक प्रकारच्या मालावर बंदी लागू झाली. वांगी, काकडी, गाजर, कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर, सफरचंद, संत्रं, लिंबू. आणि हो, आंबाही! फळावर चिकटवतात त्या छोट्या गोल चिठ्ठ्यांवरसुद्धा नियम आला. घरच्या खताच्या खड्ड्यात कुजेल अशीच चिठ्ठी हवी. नियम मोडला तर १५,००० युरोपर्यंत दंड.

नाजूक मालाला मुदत वाढवून दिली होती. कुणाला २०२३, कुणाला २०२४, स्ट्रॉबेरी-रास्पबेरीसारख्यांना २०२६ च्या जूनअखेरपर्यंत. इथेच घोटाळा झाला. कायद्यात सवलतीची कसोटी एकच दिलेली होती: सुटा विकला तर जो माल खराब होण्याचा धोका आहे, त्याला सूट. सरकारी हुकमाने मात्र त्या कसोटीपलीकडे जाऊन सवलती वाटल्या. आवेष्टन उद्योगाच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने सगळा हुकूमच रद्द केला. सरकारने जून २०२३ मध्ये नवा हुकूम काढला. या वेळी २९ प्रकारच्या मालाची यादी जोडली, यांना प्लास्टिक चालेल म्हणून. त्या यादीत मश्रूम होते, पालक होता, चेरी होती, आणि तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, मोड आलेले मूगही होते. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये हाही हुकूम पडला. या वेळी कारण कार्यपद्धतीचं होतं. असा नियम करण्याआधी युरोपीय आयोगाला कळवायचं आणि ठरावीक काळ थांबायचं असतं, ते थांबणं झालं नाही.

म्हणजे दोन हुकूम आले आणि दोन्ही गेले. काही जण यावरून म्हणतात, पाहा, असले कायदे टिकत नाहीत. मला तसं वाटत नाही. पहिला हुकूम ज्या मुद्द्यावर पडला तो मुद्दा एखाद्या उद्यानविद्येच्या परीक्षेत विचारावा इतका नेमका आहे. या फळाला पाकिटाची गरज आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? ते दाखवा. न्यायपीठाने खरं म्हणजे एवढंच विचारलं. आणि दरम्यान युरोपीय संघाने हाच नियम सगळ्या सत्तावीस देशांसाठी आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या त्यांच्या आवेष्टन नियमावलीनुसार १ जानेवारी २०३० पासून दीड किलोपेक्षा कमी ताज्या भाजीफळांसाठी एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद होणार आहे. २०३० हे साल लक्षात ठेवा. नाशिककरांनी तर ठेवायलाच हवं. मी त्याकडे परत येणार आहे.

आता मिरचीकडे वळतो. पाकीट मिरचीसाठी आहे का?

तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते, पाणी सोडत असते. काकडीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. तिच्या सालीवाटे ते उडत राहतं आणि काकडी लिबलिबीत होते. तिच्याभोवती घट्ट फिल्म गुंडाळली तर ती कितीतरी जास्त दिवस ताठ राहते. हे खरं आहे, शास्त्राने सिद्ध झालेलं आहे, आणि प्लास्टिकविरोधी बोलणाऱ्याने ते लपवू नये. पण ही काकडी कुठली? दक्षिण स्पेनमध्ये अल्मेरिया म्हणून प्रांत आहे. तिथे सुमारे ३०,००० हेक्टर जमीन प्लास्टिकच्या छपरांखाली आहे. तिथे हिवाळ्यात पिकलेली काकडी ट्रकने जर्मनीला, इंग्लंडला जाते. तिला फिल्म लागते. सिन्नरहून सकाळी निघून दहा वाजता पंचवटीत विकली जाणारी काकडी संध्याकाळी कोशिंबिरीत असते. तिला कशाला फिल्म? फिल्म हे लांब प्रवासाचं भाडं आहे. जो प्रवास झालाच नाही त्याचं भाडं आपण का भरायचं?

आणि काही फळांना निसर्गाने आवरण दिलेलंच आहे. केळ्याला दिलं, नारळाला दिलं, डाळिंबाला इतकं जाड दिलं की सोलताना नखं दुखतात. लसणाच्या एकेका पाकळीला वेगळा कागद, वर सगळ्यांचा मिळून एक. सोललेला लसूण डबीत घालून विकायचा म्हणजे आधी तो कागद फाडायचा आणि मग त्याच कामासाठी प्लास्टिक विकत आणायचं.

याउलट पालेभाजी, मोड, पिकलेलं अंजीर. यांना जपावं लागतं, वाद नाही. आपले लोक अंजीर पानांत रचून करंडीत भरत. हापूसची आढी पेंढ्यात लावत. पालेभाजीवर ओलं गोणपाट टाकत. अजूनही टाकतात. गोणपाटातून पाणी उडतं तेव्हा ते भोवतालची उष्णता घेऊन जातं, भाजीभोवती गारवा राहतो आणि दमटपणाही राहतो. फिल्म फक्त दमटपणा धरून ठेवते, गारवा देत नाही. म्हणून बंद पिशवीत उन्हात राहिलेली मेथी आतून काळी पडते. हे मी पुस्तकातून नंतर शिकलो; माझ्या आजीला ते आधीच माहीत होतं.

मग पाकीट दुकानासाठी आहे का? माझ्या मते, बव्हंशी हो. का, ते सांगतो.

जुन्या दुकानात माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक माणूस असे. तो निवडून देई, तोलून देई, भाव सांगे, खराब निघालं तर बदलून देई. स्वतः उचला आणि गल्ल्यावर या, अशी दुकानं आली तेव्हा हा माणूस गेला. मग वजन कोण करणार? ही साधी काकडी आणि ती सेंद्रिय काकडी यांतला फरक गल्ल्यावरच्या मुलीला कसा कळणार? युरोपात सेंद्रिय माल अनेकदा साध्या मालापेक्षा जास्त गुंडाळलेला दिसतो, त्याचं एक कारण हेच आहे. तो दुसऱ्यात मिसळू नये म्हणून गुंडाळतात. जो शेतकरी रसायन टाळण्यासाठी वर्षभर राबला, त्याचाच माल प्लास्टिकमध्ये! युरोपीय नियमावलीलाही सेंद्रिय माल वेगळा ठेवण्यासाठी, दुसरा मार्गच नसेल तर, सूट द्यावी लागली आहे.

तागडी धरणारा हात काढला आणि त्या जागी पाकीट आलं. वजन पाकिटावर, भाव पाकिटावर, ओळख पाकिटावर. म्हणून मला वाटतं, हे कायदे प्लास्टिकबद्दल जितके आहेत तितकेच माणसाबद्दल आहेत. नुसतं प्लास्टिक काढा म्हटलं, पण काट्यापाशी माणूस उभा केला नाही, तर दुकानदार काय करेल? पुठ्ठ्याचं पाकीट आणेल. पुठ्ठ्याला झाड लागतं, पाणी लागतं, तो वजनाला जास्त भरतो. पाकीट राहिलंच, फक्त अंगरखा बदलला. कायदा करणाऱ्याने दुकानाला असंही सांगायला हवं, की इतक्या प्रकारचा माल सुटा ठेवा आणि तो तोलून द्यायला माणूस ठेवा. त्या माणसाचा पगार हा फिल्मच्या खर्चाऐवजीचा खर्च समजा.

राहिला तिसरा प्रश्न. पाकीट माझ्यासाठी आहे का? गिऱ्हाइकासाठी?

ब्रिटनमध्ये रॅप नावाची संस्था अन्नाच्या नासाडीचा अभ्यास करते. २०२२ च्या फेब्रुवारीत तिने पाच वस्तूंचा अभ्यास मांडला: सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी, बटाटा. या पाच वस्तू सुट्या विकल्या आणि त्यांच्यावरच्या मुदतीच्या तारखा काढल्या, तर त्या एका देशात घरांमधली वर्षाला सुमारे १ लाख टन नासाडी टळेल आणि १०,३०० टन प्लास्टिक वाचेल, असा हिशोब निघाला. प्लास्टिक काढल्यावर नासाडी वाढेल असं आपल्याला सांगितलं जातं. इथे ती कमी होते आहे! कारण साधं आहे. सुटं असेल तर माणूस लागेल तेवढंच घेतो. पाकिटात सहा असतील तर सहा घेतो, चार खातो, दोन टाकतो. आणि तारीख उलटली की चांगला बटाटासुद्धा टाकतो. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की घरी आणल्यावर फळ फ्रिजमध्ये पुरेशा थंडाव्यात ठेवणं हे पाकिटापेक्षा जास्त मोलाचं ठरतं.

आपल्याकडे हे शहाणपण बोलण्यातच होतं. पावशेर द्या. दहाची कोथिंबीर द्या. दोनच लिंबं द्या, आज पाहुणे नाहीत. ज्याच्या हातात रोजची मजुरी येते, त्याला दोन लिंबं घेता येणं ही चैन नव्हे, त्याच्या घरखर्चाचा तो पाया आहे. सुटा माल नाहीसा होईल तेव्हा सगळ्यात आधी तो त्याच्यासाठी नाहीसा होईल. भाजीबाजारावर कुणी काही लिहितं तेव्हा ही गोष्ट सहसा राहून जाते, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो आहे.

आता आपल्या घरात डोकावू. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कैद. मी त्या बंदीच्या बाजूचा होतो, आजही आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तुंबलेल्या गटारांतून पिशव्यांचे गठ्ठे निघाले. ते ज्यांनी पाहिलं त्यांना बंदी का, हे समजावून सांगावं लागत नाही. पण दंडाचा बडगा दिसला तो बाजारात खाली बसलेल्या बायकांपुढे. पाचशे रुपयांची भाजी घेऊन बसलेल्या बाईला पाच हजारांचा दंड! आणि काचेच्या दाराआड, थंड मांडणीत, फिल्ममध्ये गुंडाळलेल्या तीन मिरच्या तशाच बसलेल्या.

केंद्राची यादीही बघा. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत फिल्मही आहे. मिठाईच्या खोक्यावरची, निमंत्रणपत्रिकेवरची, सिगारेटच्या पाकिटावरची. ढोबळ्या मिरचीवरची नाही. यादी करणाऱ्यांच्या मनात लग्नपत्रिका आली. रोजची भाजी आली नाही. आली असती, तर अजून फार मोठं काम नव्हतं. आपल्याकडे बहुतेक भाजी आजही सुटीच विकली जाते. युरोप कायदे करून, न्यायालयात हरून, पुन्हा उठून ज्या जागी परत जाऊ पाहतो आहे, तिथे आपण अजून उभे आहोत. आणि तिथून निघायची तयारी करतो आहोत.

प्लास्टिक म्हटलं की सगळंच वाईट, असं मी म्हणत नाही. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो येतो तो वीस किलोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये. तो क्रेट शेतात जातो, बाजारात येतो, पुन्हा शेतात जातो, वर्षानुवर्षं फिरतो. लाकडी खोक्यांत टोमॅटो चेंगरत असे, खिळे लागत. क्रेट आला आणि नासाडी घटली. परत येणारं प्लास्टिक आणि परत न येणारं प्लास्टिक, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायद्याने हा फरक ओळखला पाहिजे, आणि युरोपच्या नियमात तो ओळखलेला आहे. बंदी आहे ती एकदाच वापरायच्या आवेष्टनावर.

आणि आता २०३०.

या सभागृहात द्राक्ष बागाईतदार बसलेले मला दिसताहेत. तुमचा घड युरोपला कसा जातो, हे तुम्हाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पॅकहाऊसमध्ये बायका कात्रीने घडातले बारीक, फुटके मणी काढतात. मग साधारण अर्ध्या किलोचा पारदर्शक डबा भरतात, त्याला पनेट म्हणतात. अशा डब्यांची पेटी. आत ग्रेप गार्डचा कागद; त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशी रोखतो. माल शून्याच्या आसपास गार करून कंटेनरमध्ये भरतात आणि समुद्रमार्गे रॉटरडॅमकडे पाठवतात. तीन-चार आठवडे लागायचे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं तेव्हा आणखी जास्त.

अर्धा किलो म्हणजे दीड किलोपेक्षा कमी. पारदर्शक डबा म्हणजे एकदाच वापरायचं प्लास्टिक. तिकडच्या दुकानात तुमचा डबा २०३० मध्ये त्या नियमाखाली येतो. सूट मिळू शकते; पाणी कमी होणं, ताठरपणा जाणं, जंतूंचा धोका, आपटणं-चेंगरणं, यांपैकी काही टाळायला प्लास्टिक लागतंच असं दाखवून दिलं तर त्या त्या देशाला सूट देता येईल. त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२७ च्या फेब्रुवारीपर्यंत आयोगाने काढायची आहेत. मग द्राक्ष कोणत्या बाजूला पडणार? घड सुटाही विकता येतो, आपण पिढ्यानपिढ्या विकतोच आहोत. पण महिनाभर प्रवास करून आलेला घड गिऱ्हाइकांनी वरखाली केला तर मणीगळ किती होईल? हे मोजलंय का कुणी, आपल्या जातींवर, आपल्या प्रवासावर?

२०१० चा हंगाम इथल्या अनेकांच्या मनात अजून ठसठसत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली. कंटेनर बंदरात पडून राहिले. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. नियम तिकडे होता, माहिती इकडे नव्हती, आणि नुकसान झालं ते ज्याने कर्ज काढून बाग उभी केली त्याचं. त्या वेळी नियम कळायला उशीर झाला. या वेळी तो पाच वर्षं आधी छापून आला आहे. या वेळी आपल्याला सबब नाही.

पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्ष बागाईतदार संघ आहे. त्यांनी प्रत्येक हंगामात दोन-दोन कंटेनर तरी कागदी डब्यांचे पाठवून मोजमाप ठेवावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. शीतगृहातल्या ओलाव्यात कागद मऊ पडतो, तळ बसतो, हे मला माहीत आहे. उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून ताटल्या-वाट्या आपल्या राज्यात बनतात. डबे का बनू नयेत? चिपाड कारखान्यांना वीज करायला लागतं, तेव्हा ते फुकट मिळणार नाही, हेही खरं. पण हे प्रश्न आज सोडवायचे आहेत. आणि आयातदाराशी करार करताना डब्याच्या वाढीव खर्चाचा रकाना आजपासून लिहून घ्या. नाहीतर तो खर्च शेवटी कुणाच्या माथी बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वेळ फार आहे असं समजू नका. २०३० च्या जानेवारीत जो घड निघेल, त्याची गोडीबार छाटणी २०२९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात होईल, आणि त्याची काडी त्याच वर्षीच्या एप्रिलच्या खरड छाटणीतून येईल. बागेच्या हिशोबाने २०३० म्हणजे २०२९ चा उन्हाळा.

समोरच्या टेबलावर मी दोन डबे आणून ठेवले आहेत. एक नेहमीचा प्लास्टिकचा, एक कागदी लगद्याचा, झाकणाला जाळी असलेला. दोन्हींत एकाच वेलीवरचे घड आहेत. अकरा दिवसांपूर्वी ते भरले आणि घरच्या फ्रिजमध्ये एकाच कप्प्यात ठेवले. भरतानाचं वजन दोन्ही झाकणांवर पेन्सिलने लिहिलं आहे. अजून मी ते उघडलेले नाहीत. काटाही आणला आहे. सभा संपली की बागाईतदारांपैकी कुणीतरी दोघांनी वर यावं, डबे उघडावेत, वजन करावं आणि गळलेले मणी मोजून आकडा मोठ्याने सांगावा.